वीस किलो पाणी: हंड्यातलं आणि जारमधलं

नाशिकच्या एका महिला बचत गटाचा प्रकरण अभ्यास

अंबड औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका वस्तीतल्या दहा बायकांच्या बचत गटाने पाण्याच्या जारचा छोटा प्लांट टाकला. पहिलं वर्ष संपल्यावर हिशेब मांडला गेला. बँकेचा एकही हप्ता थकला नव्हता. वीजबिल भरलेलं होतं. ज्याच्या जागेत बोअर आहे त्याला भाडं पोचलं होतं आणि टेम्पोवाल्याचे पैसे दर महिन्याला न चुकता गेले होते. वर्षभर रोज सकाळी तीन-तीन तास राबलेल्या दहा जणींच्या कामासाठी मात्र खर्चाच्या वहीत रकानाच नव्हता. सगळं देऊन झाल्यावर जे उरेल ते तुमचं, असं सुरुवातीला ठरलेलं. आणि उरलं होतं ते वाटण्याइतकंही नव्हतं.

हा गट प्रातिनिधिक आहे. वस्त्यांमधल्या अशा व्यवसायांत जे पुन्हा पुन्हा घडतं ते एका गटावर आणून इथे मांडलं आहे, म्हणून गटाला किंवा माणसांना नावं दिलेली नाहीत. शहर, नियम आणि देशपातळीचे आकडे खरे आहेत.

नाशिकला पाणी नाही असं म्हणता येणार नाही. गंगापूर धरणाची क्षमता सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट आहे, शिवाय दारणा आणि मुकणे आहेत. गोदेला पूर आला की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून सारं शहर पुराचा अंदाज बांधतं. नळाला पाणी येईपर्यंत बाईने किती वेळ वाट पाहिली, हे मोजायची सोय मात्र शहरात कुठेच नाही. पाणी धरणात असतं, जलकुंभात असतं, मुख्य जलवाहिनीत असतं. वस्तीतल्या शेवटच्या गल्लीत ते कमी दाबाने, थोडा वेळ आणि नेमकं कामावर निघायच्या वेळेला येतं. या वस्तीतल्या निम्म्याहून जास्त बायका इंदिरानगर, गोविंदनगरकडे धुण्याभांड्याला जातात, काही कंपनीत पॅकिंगला. पहिल्या घरी सातला पोचायचं असतं आणि पाणी सव्वासहाला येतं. हंडे भरणार कोण आणि कामावर खाडा कोण करणार, याची उत्तरं त्या गल्लीत वर्षानुवर्षं ठरलेली आहेत.

हे ओझं किती, ते सरकारी मापानेच पाहू. सार्वजनिक नळावर माणशी रोज ४० लिटर पाणी मिळावं, असा केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीचा निकष आहे. भुयारी गटार असलेल्या शहरात घरात नळ असलेल्यांसाठी तोच आकडा १३५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला ४० लिटरप्रमाणे २०० लिटर लागतं, म्हणजे वीस लिटरचे दहा हंडे, २०० किलो, रोज. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतातल्या ७१.२ टक्के घरांना पिण्याचं पाणी घराच्या आवारात होतं, २०.७ टक्क्यांना ‘जवळ’ आणि ८.१ टक्क्यांना ‘दूर’. शहरात ‘जवळ’ म्हणजे १०० मीटरच्या आत. नळ ९० मीटरवर असेल तर दहा खेपांना जाऊन-येऊन १,८०० मीटर चालणं होतं आणि त्यातलं ९०० मीटर वीस किलो कमरेवर घेऊन. जनगणनेच्या लेखी हे घर सोयीतलं.

हे कोण करतं? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२३ च्या अहवालानुसार, ज्या घरांत पाणी बाहेरून आणावं लागतं अशा दहापैकी सात घरांत ते मुख्यतः बायका आणि मुली आणतात. आपल्याकडच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७. तीही ते काम करणाऱ्या पुरुषांची. दिवसभरात असं काही काम करणारे पुरुष होते २६ टक्के, बायका ८१ टक्के. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. अंतर जवळजवळ तेवढंच राहिलं.

इथे एक बारकावा आहे आणि या प्रकरणात तो फार कामाचा आहे. या २९९ मिनिटांत पाणी वाहून आणणं धरलेलंच नाही. वेळ-वापराच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत स्वयंपाक, झाडलोट, मुलं सांभाळणं हे घरकाम. घरासाठी पाणी आणणं मात्र वेगळ्या भागात, ‘स्वतःच्या वापरासाठी वस्तूंचं उत्पादन’ या सदरात मोडतं. राष्ट्रीय उत्पन्न मोजायच्या जागतिक पद्धतीतही पाणी आणणं हे उत्पादनच आहे. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी पिकवलेली ज्वारी जशी मोजली जाते, तसंच हेही मोजायला हवं असं ती पद्धत सांगते. हंडा घेऊन आलेली बाई अर्थशास्त्राच्या हिशेबानेही उत्पादक आहे. तिला पगार मागायचा तर आधार नवीन शोधायला नको.

आता प्लांटकडे येऊ. कल्पना गटाच्या सचिवांची. वस्तीच्या आसपासच्या वर्कशॉपांत, दवाखान्यांत, दुकानांत जार येतात, खोली करून राहणारी कामगार पोरं जार घेतात, हळदी-लग्नाला जार लागतात. पाण्याचं काम तर आपण जन्मभर केलंय, मग धंदाही आपणच का करू नये, असं म्हणून गटाने बिनतारण कर्ज काढलं. प्रशिक्षणाला आलेल्या अधिकाऱ्यांनी पंचसूत्री समजावली: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. आणि जाताना सांगून गेले की आता तुम्ही कामगार नाही, मालक आहात.

यंत्र साधंच असतं. बोअरचं पाणी वाळूच्या आणि कार्बनच्या फिल्टरमधून जातं, मग दाबाने आरओच्या मेम्ब्रेनमधून, पुढे अतिनील दिव्याखालून टाकीत. कामाची वाटणी कोणी बसून केली नाही, ती आपोआप झाली. जार धुणं, भरणं, झाकण लावणं, प्लांटची झाडलोट, वही लिहिणं बायकांकडे. बोअरची मोटर, वायरमन, परवान्याची धावपळ आणि डिलिव्हरी पुरुषांकडे. डिलिव्हरीला एका सदस्येचे धाकटे दीर त्यांचा छोटा हत्ती घेऊन आले. जार जड असतो, बायकांना झेपणार नाही, असं सगळ्यांनीच धरलं. बायकांनीसुद्धा.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो पाणी. वीस लिटरचा हंडा म्हणजेही वीस किलो पाणी. तोच हंडा घेऊन याच बायका सकाळी दहा खेपा करतात, गरोदरपणात करतात, साठी उलटल्यावरही करतात, तेव्हा ते झेपतं की नाही हे कोणी विचारत नाही. त्याच पाण्याला झाकण लागलं, किंमत लागली आणि ते टेम्पोत चढलं की ते पुरुषाच्या ताकदीचं काम ठरतं. बरं, प्लांटमध्येही बायका वजन उचलतच होत्या. रोज १०० जार धरले तर २,००० लिटर पाणी होतं, म्हणजे दोन टन. भरलेला जार नळाखालून झाकणाच्या टेबलावर आणि तिथून दाराशी, असा दोनदा उचलला जातो. दोनदा दोन टन. दारापासून टेम्पो आणि टेम्पोपासून गिऱ्हाईक हेही दोनदाच. दाराच्या आतलं उचलणं फुकट होतं, दाराबाहेरच्याला दरमहा पैसे होते.

वस्तीत थोडं थांबून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. पुरुष पाणी आणतच नाहीत असं नाही. टंचाईच्या दिवसांत सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून, मोटरसायकलवर पुढे एक मागे एक घेऊन आणतात. म्हणजे चाक आलं की पुरुष येतो. कमरेवरचं, डोक्यावरचं, चालत आणायचं ते बाईचं. टेम्पोचं कामही त्याच रीतीने दिरांकडे गेलं. त्यात त्यांचा काही कावा नव्हता. त्यांच्या गाडीचा हप्ता होता, डिझेल होतं, भाड्याची ठरलेली गिऱ्हाइकं सोडून ते इथे आले होते. कामाचे पैसे मागायचे असतात हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते पहिल्याच दिवशी ठरवून घेतले. बायकांनी ठरवले नाहीत, कारण घरच्या पाण्याचे पैसे कधी कोणी दिलेच नव्हते.

प्रतिष्ठेचा उतारही असाच होता. गिऱ्हाइकाला टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवणं हे तज्ज्ञाचं काम आणि ते गाडीवरच्या माणसाकडे. जार घासणं हे भांडी घासण्यासारखं, म्हणून बायकांकडे. प्रत्यक्षात टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची पसंतीची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. मीटरवर ८० आकडा आला तरी त्या पाण्यात जुलाबाचे जंतू असू शकतात, मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. आरओचं पाणी कितीही चांगलं असलं, तरी उन्हात पडून आतून शेवाळ धरलेल्या जारमध्ये ते ओतलं की गेलं. गिऱ्हाइकाच्या पोटाचं रक्षण ब्रशने आणि क्लोरीनच्या पाण्याने जार घासणारी बाईच करत होती. गटातल्या एक जण आधी अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांनी आग्रह धरून हायड्रोजन सल्फाइडच्या तपासणी बाटल्या आणवल्या. या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवतात, काळं पडलं तर विष्ठेतल्या जंतूंचा संशय. तीन जार काळे निघाले आणि तिन्ही एकाच वर्कशॉपमधून परत आलेले होते. तिथे रिकाम्या जारमध्ये कूलंट (यंत्र थंड ठेवायचं द्रव) ठेवत होते की हात बुचकळत होते, ते कळलं नाही. ते जार बाद केले आणि त्या गिऱ्हाइकाकडून अनामत घ्यायला सुरुवात झाली. हा निर्णय प्लांटच्या आतून आला, गाडीवरून नव्हे.

आरओतून निम्म्याच्या आसपास पाणी खारं होऊन बाहेर पडतं. पुरुषांनी त्याचा पाइप गटारीत सोडला होता. बायकांनी तो ड्रममध्ये घेतला. जारची पहिली घासणी, फरशी, गल्लीतलं संडासाचं पाणी यावर भागू लागलं. दख्खनच्या काळ्या पाषाणात बोअरला पाणी मिळतं ते भेगांपुरतं आणि उन्हाळ्यात ते झपाट्याने खाली जातं, त्यामुळे वाचलेला प्रत्येक ड्रम धंद्याचंही आयुष्य वाढवत होता.

वर्षअखेरच्या हिशेबाच्या सभेत पहिला मुद्दा अध्यक्षांनी मांडला. मालक म्हणून नफा मिळेल तेव्हा मिळेल, पण काम केलं त्याचे पैसे आधी खर्चात धरा. याला विरोध गटातूनच झाला. मजुरी धरली तर धंदा तोट्यात दिसेल आणि बँक पुढचं कर्ज देणार नाही, असं कोषाध्यक्षांचं म्हणणं. ही भीती खरी होती. माझं मत मात्र स्पष्ट आहे: दहा जणींची मजुरी शून्य धरून जो धंदा फायद्यात दिसतो, तो फायद्यात नसतोच. तो त्या दहा घरांकडून रोज उसनं घेत असतो आणि परत करत नाही. ‘तुम्ही मालक’ हे वाक्य बोलायला गोड आहे, पण बचत गटांच्या कितीतरी उद्योगांत त्याच वाक्याखाली मजुरी गडप झाली आहे.

शेवटी जारमागे दर ठरला. धुणं-भरणं-तपासणी याला जेवढे, तेवढेच डिलिव्हरीला. दिरांना हे लागलं. वहिनींच्या बरोबरीने आपला दर, हे त्यांना अपमानासारखं वाटलं, आणि डिझेलचं काय हा त्यांचा प्रश्न रास्तही होता. काही दिवस टेम्पो आला नाही. ते दिवस बायकांनी हातगाडीवर काढले. जवळची वर्कशॉपं आणि दुकानं हातगाडीवर उरकली, लांबची गिऱ्हाइकं बसली खोळंबून. एका सुपरवायझरने गेटवर बाई जार घेऊन आलेली पाहून आत फोन केला, माणूस पाठवा म्हणून. तोवर तिने जार डिस्पेन्सरवर चढवलाही होता. मग तडजोड झाली: डिझेल आणि गाडीभाडं वेगळं, हाताच्या कामाचा दर सारखा. लांबची गिऱ्हाइकं टेम्पोकडे राहिली. वस्तीच्या आसपासचं वाटप गटाने स्वतःकडे घेतलं आणि त्यासाठी दोघी ई-रिक्षा शिकू लागल्या. जारचा दर वाढवावा लागला. वर्कशॉपांनी कुरकुर न करता दिला, खोलीवरच्या पोरांना जमेना, म्हणून प्लांटवर येऊन स्वतः नेणाऱ्याला कमी दर ठेवला. धंदा अजून काठावरच आहे, पण वहीत रकाना आला.

घरात काय बदललं? इथलं उत्तर मला अस्वस्थ करतं. सकाळी आई प्लांटवर, तर घरचे हंडे कोण भरतं, हे गटाने बैठकीत एकेकीला विचारलं. बहुतेक घरांत ते काम सासूकडे किंवा मुलीकडे गेलं होतं. नववी-दहावीतल्या पोरी शाळेत दुसऱ्या तासाला पोचत होत्या. दोन घरांत नवऱ्याने भार उचलला होता आणि दोन्ही ठिकाणी मोटरसायकलवरून. आईला मजुरी मिळाली आणि तिचं बिनमजुरीचं काम मुलीच्या कमरेवर आलं, एवढाच बदल होणार असेल तर तो मला मान्य नाही. गटाने प्लांटची वेळ दोन पाळ्यांत वाटली, म्हणजे निम्म्या जणी पाण्याच्या वेळी घरी असतील. पण खरा उपाय त्यांच्या हातातला नाही. तो घरात नळ येण्यात आणि पाण्याची वेळ बदलण्यात आहे.

पाण्याची वेळ कोण ठरवतं? व्हॉल्व्हमन, अभियंता, वेळापत्रक. गावाकडे जलजीवन मिशनमध्ये पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात असं आहे, आणि गावात पाच बायकांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं आहे. शहरातल्या वस्तीला तशी समिती नाही. ओडिशाने पुरी, भुवनेश्वरसारख्या शहरांत बचत गटांतल्या बायकांना ‘जलसाथी’ म्हणून मीटर वाचन, बिल वसुली आणि पाणी तपासणीचं काम मोबदल्यावर दिलं. केंद्राच्या अमृत २.० योजनेत ‘अमृत मित्र’ नावाने बचत गटांना अशी कामं देण्याची तरतूद आहे. जार काळे पडलेले ओळखणाऱ्या बाईला नळाच्या पाण्यातला क्लोरीन तपासता येणार नाही, असं मानायला काहीच कारण नाही.

महाराष्ट्राला ‘पाणीवाली बाई’ नवी नाही. मृणाल गोरे यांनी गोरेगावच्या बायकांना घेऊन पाण्यासाठी रस्ता धरला आणि लोकांनी त्यांना ते नाव दिलं. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, घर अनधिकृत वस्तीत असलं तरी पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय दिला. २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका लाकडाच्या बल्ल्यांवरून हंडे घेऊन नदी ओलांडतात ही छायाचित्रं सगळीकडे गेली आणि सरकार जागं झालं. शहरातली सव्वासहाची रांग इतकी थरारक दिसत नाही, म्हणून ती बातमीत येत नाही.

गटापुढे आता जो विषय आहे तो सगळ्यात अवघड. वस्तीतल्या घरोघरी नळजोडणीसाठी एकत्र अर्ज करायचा का? घरात स्वच्छ पाणी पुरेशा दाबाने आलं, तर वस्तीतले जार बंद होतील. बाई म्हणून त्यांना नळ हवा आहे, धंदेवाली म्हणून नळ नसलेला परवडतो. दोन बैठका याच्यावर झाल्या आणि अर्ज करायचं बहुमताने ठरलं. वर्कशॉपं आणि लग्नं आहेतच, धंदा तिकडे वळवू, असं अध्यक्ष म्हणाल्या.

अर्ज भरायला बसल्यावर घरपट्टीची पावती लागली. दहाही घरांच्या पावत्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर निघाल्या. पंतप्रधान आवास योजनेतल्या घराला बाईचं नाव मालक किंवा सहमालक म्हणून लागतं, पण तिच्याच स्वयंपाकघरात येणाऱ्या नळाला ते लागत नाही. पाणीपट्टी त्या नावाने येणार, तक्रार त्या नावाने नोंदवायची, थकली तर नोटीसही त्याच नावाने. सचिवांनी सुचवलं की अर्ज नवऱ्यांच्या नावाने करू, काम लवकर होईल. तीन जणी तयार झाल्या. बाकीच्यांनी घरपट्टीवर आधी दोघांची नावं लावून घ्यायचं आणि मगच नळाचा अर्ज द्यायचा, असं ठरवलं. त्यात किती महिने जातील हे त्यांना माहीत आहे. तोवर हंडे भरावे लागणार आहेत, हेही. सात अर्ज घरपट्टी विभागात गेले आहेत, तीन नळजोडणीला.